डेव्हलपरने काय निवडावं: भूरसायनशास्त्र की खनिजशास्त्र?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. बॅकएंड, डेटाबेस, डेटा पाइपलाइन हे रोजचं काम. गेली काही वर्षं भूविज्ञान मनापासून वाचतोय आणि आता ते रीतसर शिकायला घेतलंय. पायाभूत विषय झाले. पुढे मुख्य विषय म्हणून भूरसायनशास्त्र किंवा खनिजशास्त्र यांपैकी एक निवडायचा आहे, आणि तिथे अडलोय.

कल सध्या भूरसायनाकडे आहे, कारण तिथला डेटा ओळखीचा वाटतो. एका ओळीत एक नमुना, रकान्यांमध्ये सिलिका, ॲल्युमिना, लोह, मॅग्नेशिया, मग पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. जिओरॉक, अर्थकेम असे मोठे खुले डेटाबेस आहेत. पायथनमध्ये पायरोलाइटसारखी लायब्ररी आहे. खनिजशास्त्र म्हटलं की मात्र सूक्ष्मदर्शकाखाली खडकांचे पातळ छेद बघणं आणि शेकडो नावं, प्रकाशीय गुणधर्म पाठ करणं असं चित्र डोळ्यांसमोर येतं.

कोड लिहू शकणाऱ्या माणसाचा उपयोग कुठे जास्त? प्रश्न नुसता नोकरीचा नाही. जिथे काम केल्याने विषयात खरी भर पडेल अशी जागा शोधतोय.

स्थिरांक

मी भूरासायनिक प्रतिमानांवर काम करतो, त्यामुळे तुम्ही आमच्याकडे यावं असंच मला वाटणार. पण डेटा ओळखीचा वाटतो म्हणून येऊ नका. तो तक्ता तुमच्या नेहमीच्या तक्त्यासारखा वागत नाही.

पहिली मेख म्हणजे सगळ्या रकान्यांची बेरीज १०० असते. सिलिका वाढली की बाकी सगळ्यांना मिळून तेवढं कमी व्हावंच लागतं, मग निसर्गात तसं काही घडलेलं असो वा नसो. म्हणजे दोन ऑक्साइडांमधला सहसंबंध निव्वळ या बंधनातूनही जन्माला येतो. समान छेद असलेल्या गुणोत्तरांमध्ये असे खोटे सहसंबंध दिसतात हे कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच दाखवलं होतं. त्यावरचा पद्धतशीर उपाय, म्हणजे टक्केवारीऐवजी गुणोत्तरांचे लॉगॅरिदम घेऊन सांख्यिकी करायची, हा जॉन एचिसन यांनी १९८० च्या दशकात मांडला. तरीही थेट टक्केवाऱ्यांवर पीसीए (अनेक रकाने मोजक्या मुख्य घटकांत आटवणारी सांख्यिकी रीत) चालवून काढलेले आलेख आजही दिसतात. कोड बिनतक्रार चालतो, चित्रही सुंदर येतं, आणि निष्कर्षाला पाया नसतो.

दुसरी, शोधमर्यादेची. प्रयोगशाळेच्या फाइलमध्ये "०.०१ पेक्षा कमी" अशा नोंदी असतात. डेव्हलपरचा हात लगेच तिथे शून्य किंवा नल भरायला जातो. शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही, आणि नल म्हणजे "मोजलंच नाही". प्रत्यक्षात ते मोजलेलं असतं आणि एका मर्यादेखाली आहे ही माहिती हाती असते. सांख्यिकीत अशा डेटासाठी वेगळ्या रीती आहेत.

तिसरी मेख लोहाची, आणि ती सगळ्यात जास्त त्रास देते. खडकात लोह फेरस आणि फेरिक अशा दोन रूपांत असतं. काही विश्लेषणांत दोन्ही वेगळी मोजलेली असतात, काहींत सगळं लोह फेरस ऑक्साइड धरून लिहिलेलं असतं, तर काहींत फेरिक. फेरसवरून फेरिककडे जाताना १.१११३ ने गुणायचं असतं. अनेक दशकांचे शोधनिबंध एकत्र करून बनवलेल्या डेटाबेसमध्ये हे रकाने न बघता जोडले, तर लोहाच्या आकड्यात ११ टक्क्यांची उडी सहज शिरते आणि पुढे कुठलीही टेस्ट ती पकडत नाही.

आता आमच्या विषयाचा जमेचा भाग. भूरसायन म्हणजे फक्त तक्ते नव्हेत. फ्रीकसी हे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर बघा. पाण्याचं विश्लेषण दिलं की त्यात कुठली मूलद्रव्यं कुठल्या आयनांच्या रूपात आहेत, कुठलं खनिज विरघळेल, कुठलं साचेल, हे ते काढतं. त्याचा फोरट्रानमधला पूर्वज १९८० चा, आणि आजची आवृत्ती सी प्लस प्लसमध्ये आहे. मुळाशी अरैखिक समीकरणांचा संच आणि न्यूटन-रॅफसनची सुधारित रीत. अडचण अशी की यातली काही राशी दुसऱ्यांच्या अब्जावधी पट लहान असतात, आणि एखादं खनिज पूर्ण संपलं की समीकरणांचा संचच बदलतो. याला प्रवाहाचं गणित जोडलं की जाळीच्या प्रत्येक चौकटीत, प्रत्येक कालपायरीला हेच सगळं सोडवावं लागतं. समांतर संगणन, स्मृतीचं व्यवस्थापन, संख्यात्मक स्थैर्य जाणणाऱ्या माणसाला इथे आयुष्यभराचं काम आहे.

ओलिव्हिनी

स्थिरांक, तुमच्या प्रतिसादातला "कुठलं खनिज विरघळेल" हा तुकडा मी उचलते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

अर्धविराम, मी खनिजशास्त्र शिकवते. पाठांतराचं जे चित्र तुम्ही रंगवलंत ते विषयाच्या दारावरचं आहे. आतला प्रश्न वेगळा: अणू कसे रचले आहेत आणि त्या रचनेमुळे काय शक्य होतं, काय अशक्य.

कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट घ्या. तिघांचं रासायनिक सूत्र एकच, ॲल्युमिनियम सिलिकेट. तुमच्या तक्त्यात तिघांच्या ओळी सारख्याच दिसतील. पण खडकात कोणतं सापडलं यावरून तो किती दाबाखाली आणि किती तापमानात घडला हे कळतं. साधारण ५०० अंश सेल्सिअस आणि ४ किलोबारच्या आसपास तिघांच्या सीमा एकत्र येतात. तुमच्या भाषेत, बाइट्स तेच पण टाइप वेगळा. टाइप फेकून दिला आणि बाइट्स जपून ठेवले, तर वाचणार काय?

दुसरं उदाहरण भूरसायनाच्या मुकुटातल्या हिऱ्याचं. खडकांचं वय काढण्याच्या युरेनियम-शिसे पद्धतीला झिर्कॉन हे खनिज इतकं का मानवतं? त्याचं स्फटिक घडताना झिर्कोनियमच्या जागी युरेनियम बसू शकतो, शिसं मात्र जवळपास बसतच नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारं बहुतेक शिसं नंतर युरेनियमच्या क्षयातून आलेलं असतं. आजवरचे सर्वांत जुने झिर्कॉन सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत, आणि त्यांचं वय ठरवता आलं ते या स्फटिकरचनेच्या कृपेने. मोजमाप समस्थानिकांचं, हमी रचनेची.

मूलद्रव्यांच्या किती राशी आहेत हे कुणीही यंत्रातून काढून देईल. त्या कशात बसल्या आहेत, हे ठाऊक नसेल तर पुढचं प्रतिमान हवेत राहतं.

अर्धविराम

दोघांचेही मनापासून आभार. लोहाच्या रकान्यांबद्दलचं तर मी जपून ठेवलंय.

ओलिव्हिनीताई, रचनेचं महत्त्व पटलं. पण मग खनिजशास्त्रात प्रोग्रॅमिंग कुठे येतं? फ्रीकसीच्या तोडीचा प्रश्न तिथे आहे का?

शिलालेखक

आहे, आणि जुना आहे. १९१२ मध्ये लाउए यांच्या प्रयोगातून स्फटिकांमधून क्ष-किरणांचं विवर्तन होतं, म्हणजे ते ठरावीक कोनांत वळतात आणि आलेखात शिखरं दिसतात, हे कळलं, आणि त्यानंतर लगेच ब्रॅग पिता-पुत्रांनी त्यावरून अणूंच्या जागा काढायला सुरुवात केली. एकसंध स्फटिक असेल तर गोष्ट बरीच सरळ. पण खडकाची भुकटी केली की आठ-दहा खनिजांची शेकडो शिखरं एकाच आलेखात एकमेकांवर चढतात. ह्यूगो रिटव्हेल्ड यांनी १९६९ च्या निबंधात मांडलेली कल्पना अशी की शिखरं सुटी करायच्या नादी लागूच नका. प्रत्येक खनिजाच्या रचनेवरून पूर्ण आलेख गणिताने बनवा, आणि तो मोजलेल्या आलेखाशी जुळेपर्यंत सगळे प्राचल लघुतम वर्गांच्या रीतीने सुधारत राहा. त्यांनी हे न्यूट्रॉनच्या आलेखांसाठी केलं होतं, पुढे ते क्ष-किरणांनाही लागू झालं. आज भुकटीत कुठलं खनिज किती टक्के, हे बहुतेक असंच काढतात.

हे ऑप्टिमायझेशनचं काम आहे आणि त्यात सगळे सापळे आहेत. प्राचल एकमेकांत गुंतलेले, सुरुवात चुकली की भलत्याच दरीत जाऊन बसणारं उत्तर, आणि आलेख छान जुळूनही भौतिकदृष्ट्या अशक्य निकाल. जीएसएएस-२ हे या कामाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मुख्यतः पायथनमध्ये आहे, उघडून वाचा. स्फटिकरचनांसाठी क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस आहे. आणि २३० अवकाशगट, म्हणजे स्फटिकांच्या सममितीचे सगळे शक्य प्रकार, ही माझ्या मते निसर्गाने दिलेली सगळ्यात सुंदर टाइप सिस्टिम आहे.

प्रतिमांचं काम वेगळंच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छेदाचा कणनकण तपासून प्रत्येक बिंदूवर कुठलं खनिज आहे याचा नकाशा करतात. दोन खनिजांच्या सीमेवर पडलेल्या बिंदूत दोघांचेही संकेत मिसळतात, आणि अशा बिंदूंना भोळा वर्गीकरणकार तिसऱ्याच खनिजाचं नाव देतो. खाणीतल्या धातुकावर प्रक्रिया करणाऱ्यांना नेमकी या सीमांचीच माहिती हवी असते: धातूचं खनिज मोकळं आहे की दुसऱ्या कणात कोंडलेलं.

आणखी एक, खास डेटावाल्यांसाठी. रॉबर्ट हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माइनडॅट या खनिजांच्या ऑनलाइन डेटाबेसमधल्या "कुठलं खनिज कुठे सापडलं" या नोंदींवर एक सांख्यिकी प्रतिमान चालवलं. ते आलं भाषाशास्त्रातून: एखाद्या ग्रंथात दुर्मिळ शब्द किती वेळा येतात यावरून लेखकाच्या शब्दसंग्रहाचा अंदाज करायची रीत. खनिजांचंही तसंच निघालं. त्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशोबात ज्ञात ५,००० हून अधिक खनिजांपैकी जवळपास निम्मी जगभरात पाच किंवा त्याहून कमी ठिकाणीच नोंदली गेली होती. यावरून अजून न सापडलेल्या खनिजांची संख्या काढता येते. कार्बन असलेली १४५ खनिजं अजून सापडायची आहेत असा त्यांचा अंदाज होता, आणि ती शोधायची चार वर्षांची खुली मोहीम २०१५ च्या अखेरीस सुरू झाली. हे काम तक्त्यांवरच झालं, तेही खनिजशास्त्रात.

गाळवाचक

मी भूजल आणि प्रदूषणाच्या कामात आहे. सौंदर्य बाजूला ठेवून सांगतो: ज्याला लोकांच्या उपयोगी पडायचंय त्याने भूरसायन घ्यावं. पाण्यात आर्सेनिक आहे का, किती आहे, उद्या वाढेल का, हे प्रश्न माणसांच्या जिवाशी जोडलेले आहेत. त्यासाठी पाणी मोजावं लागतं, प्रतिमान लागतं. चांगलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची इथे फार वानवा आहे. पुष्कळ ठिकाणी अजून स्प्रेडशीटमधून स्प्रेडशीटमध्ये हाताने आकडे जातात.

ओलिव्हिनी

गाळवाचक, कळकळ पूर्ण मान्य. पण उदाहरण तुम्ही माझ्या बाजूचं दिलंत.

गाळात एकूण आर्सेनिक किती, या आकड्यावरून पाण्यात किती येणार ते सांगता येत नाही. ते आर्सेनिक लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडांवर चिकटलेलं असेल, तर ऑक्सिजन संपून तिथलं वातावरण क्षपणकारी झालं की ही खनिजं विरघळतात आणि आर्सेनिक सुटतं. तेच पायराइटमध्ये अडकलेलं असेल तर नेमकं उलट: ऑक्सिजन पोचला की पायराइट गंजतं आणि आर्सेनिक मोकळं होतं. दोन गाळांचं रासायनिक विश्लेषण तंतोतंत सारखं असू शकतं आणि पाण्याची पातळी खाली गेल्यावर एक शांत राहतो, दुसरा विष सोडतो. "उद्या वाढेल का" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर खनिजाच्या नावाशिवाय निघणार नाही.

मंगळावरही हेच झालं. क्युरिऑसिटी यानावर दोन्ही प्रकारची उपकरणं आहेत, एक मूलद्रव्यं मोजणारं आणि दुसरं, केमिन, क्ष-किरण विवर्तनाने खनिजं ओळखणारं. २०१२ मध्ये तिथल्या वाळूत केमिनला फेल्डस्पार, पायरॉक्सिन, ऑलिव्हिन दिसली, आणि शिवाय स्फटिकरूप नसलेला, शिखरं न देणारा मोठा भाग. तो भाग कशाचा बनलाय हे कसं काढलं? एकूण रासायनिक विश्लेषणातून स्फटिकांच्या वाट्याचं रसायन वजा करून. एका उपकरणाने हे कधीच कळलं नसतं.

गाळवाचक

आर्सेनिकबद्दल तुमचं बरोबर आहे, आमच्याकडेही नमुन्यातली खनिजं तपासून घेतातच. माझा मुद्दा माणसांच्या कमतरतेचा आहे आणि तो कायम आहे.

स्थिरांक

ओलिव्हिनी यांच्या बाजूने माझ्याकडूनही एक भर. प्रतिमानांतली आमची सगळ्यात दुखरी जागा म्हणजे विरघळण्याचा वेग. सिलिकेट खनिजं प्रयोगशाळेत ज्या वेगाने विरघळतात, त्याच्या कित्येक पट संथ ती निसर्गात विरघळतात. हा फरक दहाच्या अनेक घातांचा असतो. कणांचं पृष्ठफळ, त्यावर साचलेले थर, पाणी प्रत्यक्ष कुठवर पोचतं, ही सगळी कारणं खनिजांच्या पातळीवरची आहेत. आम्ही मात्र इनपुट फाइलमध्ये पृष्ठफळाचा एक आकडा लिहून मोकळे होतो. उष्मागतिकी डेटाबेसचीही तीच कथा: एकच पाणी, एकच सॉफ्टवेअर, डेटाबेसची फाइल बदलली की एखादं खनिज संतृप्तीच्या अलीकडून पलीकडे जातं.

आइसलँडमधल्या कार्बफिक्स प्रयोगाचं यश बघा. बेसॉल्टमध्ये सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत बांधला गेला, हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कामात रसायन कोणाचं आणि खनिज कोणाचं, ही वाटणी मला करता येत नाही.

चाचणीकार

मी डेव्हलपर म्हणूनच या क्षेत्रात आलो, म्हणून एक ठोस सुचवतो. विषय निवडायच्या आधी सीआयपीडब्ल्यू नॉर्म स्वतः लिहून बघा. लायब्ररी वापरू नका.

क्रॉस, इडिंग्ज, पिर्सन आणि वॉशिंग्टन या चौघांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. १९०२ मध्ये त्यांनी एक कृती ठरवली: अग्निजन्य खडकाचं फक्त रासायनिक विश्लेषण दिलेलं असताना, त्यातून कुठली खनिजं किती बनली असती हे काढायचं. संगणक यायच्या कितीतरी आधीचा हा शुद्ध अल्गोरिदम आहे.

आधी वजनी टक्क्यांचे मोल करा. फॉस्फरसला हवं तेवढं कॅल्शियम देऊन ॲपेटाइट बनवा. टायटॅनियमला फेरस लोह देऊन इल्मेनाइट. फेरिक लोहासाठी मॅग्नेटाइट. पोटॅशियमला ॲल्युमिना देऊन ऑर्थोक्लेज, सोडियमला देऊन अल्बाइट, उरलेल्या ॲल्युमिनाला कॅल्शियम देऊन ॲनॉर्थाइट. उरलेलं कॅल्शियम डायऑप्साइडमध्ये. उरलेलं मॅग्नेशियम आणि लोह हायपरस्थीनमध्ये. हे करताना प्रत्येकाने सिलिका उसनी घेतलेली असते. शेवटी सिलिकेचा हिशोब करायचा. उरली तर क्वार्ट्झ. कमी पडली तर परतफेड सुरू: आधी हायपरस्थीन मोडून ऑलिव्हिन करा, तरी भागलं नाही तर अल्बाइट मोडून नेफेलिन, मग ऑर्थोक्लेज मोडून ल्युसाइट. क्वार्ट्झ आणि नेफेलिन एकाच उत्तरात कधीच येता कामा नयेत. ही पहिली टेस्ट लिहा. दुसरी टेस्ट, वाटलेल्या प्रत्येक ऑक्साइडची बेरीज मूळ आकड्याशी जुळली पाहिजे.

सिमेंट उद्योगातही नेमकी अशीच रीत आहे. क्लिंकरच्या (भट्टीतून निघालेल्या, न दळलेल्या सिमेंटच्या) ऑक्साइडांवरून त्यातली संयुगं काढणारं बोग यांचं १९२९ चं गणित. तिथेही आता विवर्तनाने प्रत्यक्ष मोजमाप करून ताडून बघतात.

नॉर्मचा कोड चालला की त्याचं उत्तर खऱ्या खडकातल्या खनिजांशी ताडून बघा. जिथे जुळणार नाही, तिथे तुम्हाला कशाचं कुतूहल वाटतं ते स्वतःकडे बघून ठरवा. आकडे सुधारावेसे वाटले तर भूरसायन. तिथे खरोखर काय बसलंय ते बघावंसं वाटलं तर खनिजशास्त्र.

अर्धविराम

लिहिला, आणि दोन्ही टेस्ट पास होतात. खुल्या डेटामधली काही बेसॉल्ट आणि ग्रॅनाइटची विश्लेषणं चालवली. दोन गोष्टींवर अडकलोय.

एक: एका बेसॉल्टमध्ये फेरिक लोहाचं प्रमाण थोडं वाढवलं की ऑलिव्हिन नाहीसं होतं आणि क्वार्ट्झ येतं. इतका नाजूक निकाल कोड चुकल्यामुळे येतोय का?

दोन: एका ग्रॅनाइटच्या वर्णनात बायोटाइट (काळं अभ्रक) भरपूर आहे असं लिहिलंय. माझ्या उत्तरात ते येतच नाही, आणि क्वार्ट्झ वर्णनापेक्षा कमी येतं.

स्थिरांक

पहिल्याचं उत्तर: कोड बरोबर आहे. फेरिक लोह वाढलं की मॅग्नेटाइट जास्त बनतं. मॅग्नेटाइटला सिलिका लागत नाही आणि ते फेरस लोहही सोबत घेऊन जातं. त्यामुळे सिलिकेटांसाठी लोह कमी उरतं आणि तेवढी सिलिका वाचते. वाचलेल्या सिलिकेने आधी ऑलिव्हिनचं हायपरस्थीन होतं, मग क्वार्ट्झ दिसू लागतं. म्हणून फेरिक-फेरस गुणोत्तर कुठून घेतलं हे उत्तरासोबत लिहिलंच पाहिजे. विश्लेषणात एकूण लोहच दिलं असेल तर ते गुणोत्तर तुम्ही गृहीत धरलेलं असतं. फंक्शनमध्ये त्याला डीफॉल्ट किंमत देऊ नका, वापरणाऱ्याला ती द्यायलाच लावा.

तापवल्यावर घटणाऱ्या वजनाचा रकानाही बघा. ते वजन जास्त असेल तर खडक बदललेला आहे आणि त्याच्या नॉर्मला फारसा अर्थ नाही. शिवाय तापवताना फेरस लोह ऑक्सिजन घेऊन जड होतं, त्यामुळे काही ताज्या बेसॉल्टांत हा आकडा ऋणसुद्धा येतो. ऋण आकडा दिसला म्हणून ती ओळ गाळू नका.

ओलिव्हिनी

दुसरं माझ्याकडे. नॉर्म पाणी विचारात घेत नाही, त्यामुळे हायड्रॉक्सिल असलेली अभ्रकं आणि ॲम्फिबोल त्यात बनूच शकत नाहीत. तुमच्या ग्रॅनाइटमधल्या बायोटाइटचं पोटॅशियम ऑर्थोक्लेजमध्ये गेलं, लोह-मॅग्नेशियम हायपरस्थीनमध्ये. या दोन्हींना मिळून बायोटाइटपेक्षा जास्त सिलिका लागते, म्हणून क्वार्ट्झ घटलं. कागदावर ते समीकरण मांडा: एका बायोटाइटमागे तीन क्वार्ट्झ खर्च होतात.

अर्धविराम

मांडलं, तीनच येतात. कोड दुरुस्त करण्यापेक्षा त्या खडकात बायोटाइट कसं बसलंय हे बघायची ओढ मला जास्त वाटली. मुख्य विषय खनिजशास्त्र घेतोय, आणि प्रकल्प मात्र स्थिरांक म्हणतात त्या विरघळण्याच्या वेगावर करायचा विचार आहे. एकाच नमुन्याचं रसायन आणि विवर्तन असा दोन्ही प्रकारचा खुला डेटा कुठे मिळेल?

ओलिव्हिनी

आरआरयूएफएफ हा खुला खनिज डेटाबेस. तिथे अनेक खनिजांच्या एकाच नमुन्याचं रासायनिक विश्लेषण, क्ष-किरण विवर्तन आणि रामन वर्णपट मिळतात. आधी पोटॅशियम फेल्डस्पार घ्या. सॅनिडिन, ऑर्थोक्लेज आणि मायक्रोक्लिन यांचं सूत्र एकच, फरक ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन जाळीत किती शिस्तीत बसलेत इतकाच. रसायनाचे रकाने तिघांना वेगळं करू देणार नाहीत. विवर्तनाचे आलेख एकाखाली एक काढा आणि १३१ (स्फटिकातल्या अणूंच्या एका प्रतलसंचाचा क्रमांक) या शिखराकडे बघा: सॅनिडिनमध्ये ते एकच असतं, पूर्ण शिस्तीच्या मायक्रोक्लिनमध्ये त्याची दोन झालेली दिसतील.